अंतर डोळे झाकून घ्या, वेळ मात्र नको: विमानाचं अंतर काढणाऱ्या साइटचा रिव्ह्यू

कुडाळात आमचं तिकिटांचं काउंटर आहे, म्हणजे रेल्वे, विमान, पासपोर्टचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन सगळंच चालतं, आणि परदेशी निघालेलं गिऱ्हाईक तिकिटाचा भाव विचारायच्या आधी एकच विचारतं, किती लांब आणि किती वेळ. शिपवर जाणारी पोरं, आखातात कामाला असलेले, आणि हल्ली सगळ्यात जास्त म्हणजे लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या काक्या. त्यामुळं दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर नि वेळ सांगणारी ती फुकटातली साइट आमच्या कॉम्प्युटरवर सकाळपासून उघडीच असते. नाव लिहीत नाही, कारण अशा साइट ढिगानं आहेत, आतून सगळ्या सारख्याच, आणि खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

अंतराचं काम झकास करते, त्यात वादच नाही. मुंबई–दुबई टाकलं की १,९२५ किलोमीटरच्या आसपास, मुंबई–कुवेत साधारण २,७५०, मुंबई–लंडन हीथ्रो ७,२१०, मेलबर्न ९,८००, न्यूयॉर्क साडेबारा हजार, सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार. दुसऱ्या साइटवर पडताळून बघितलं तर थोडाफार फरक येतो, पण तो कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं आणि कुणी ध्रुवांपाशी जराशी चपटी धरतं म्हणून, त्यानं आपल्याला काही फरक पडत नाही. किलोमीटर, मैल आणि नॉटिकल माइल तिन्ही दाखवते हे एक बरं, शिपवरची पोरं नॉटिकल माइलच बघतात, १.८५२ किलोमीटरचा एक, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, त्यांना नकाशावर लगेच डोक्यात बसतं.

नकाशावरची रेघ मात्र लोकांना हमखास गोंधळात टाकते. अमेरिकेला जायचं तर विमान डावीकडं सरळ जाईल असं सगळ्यांना वाटतं आणि साइटवर रेघ वर चढून बर्फात जाते. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोची रेघ तर ७६ अक्षांशाच्याही वर जाते, म्हणजे उत्तर ध्रुव फार लांब राहत नाही. काउंटरवर मी एक सोललेला नारळ ठेवलाय, त्यावर दोन खुणा केल्यात, गिऱ्हाइकाच्या हातात सुतळी देतो आणि म्हणतो ताणून बघा कुठून जवळ पडतं ते. सुतळी आपोआप वरून जाते. मग कोण काही विचारत नाही.

आता वेळेचं. इथं साइटचा खरा प्रॉब्लेम आहे आणि तो बिघाड नाही, तिची पद्धतच तशी आहे. बहुतेक साइट काय करतात, तर अंतराला ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरनं भागतात आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकतात. बस. त्यात वारा नाही, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे ते नाही, रनवेवर लाइनीत उभं राहणं नाही. मुंबई–लंडनला या हिशेबानं साडेनऊ तास येतात. जाताना साडेनऊ, येताना पण साडेनऊ. प्रत्यक्षात तिकिटावर बघा, जाताना दहा तासांच्या आसपास किंवा वरच दिसेल, येताना नऊच्या आसपास. तीच दोन विमानतळं, तेच अंतर, आणि तासाभराचा फरक.

हा फरक वाऱ्याचा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरकस वारा वाहतो, जेट स्ट्रीम, कधीकधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर, आणि थंडीत त्याचा जोर जास्त. युरोपातून येणाऱ्याला मागून ढकलतो, जाणाऱ्याला समोरून अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. आणि आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून भारी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पॅसिफिकवरून न्यायला घेतलं, अंतर वाढून १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेलं, आधी चौदा हजारांच्या आतच होतं, आणि वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तास. पाठीला वारा घेऊन गेले म्हणून. लांबच्या रस्त्यानं लवकर! हे साइटला विचाराल तर ती सांगेल जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, कारण तिला एवढंच येतं.

आमच्या कोकणातल्या माणसाला हे समजायला काही अवघड नाही म्हणा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहिती आहे, जून आला की तीच गाडी, तेच रूळ, आणि पोचायला उशिरा, कारण दरडी नि पाणी बघून वेग कमी ठेवतात. विमानांचं पण हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक असतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. साइटला कुठलाच सीझन माहीत नाही.

दुसरं कारण बंद आकाशाचं, आणि गेल्या काही वर्षांत हे फारच वाढलंय. मुंबई–लंडनची ती सुरेख रेघ एकदा झूम करून बघा. समुद्रावरून निघते, कराचीच्या बाजूनं पाकिस्तानात शिरते, इराणच्या पूर्वेकडून वर कॅस्पियन समुद्र, मग क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन. आता पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना एप्रिल २०२५ पासून बंद, युक्रेनचं फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्यांनाच बंद. म्हणजे साइट ज्या रेघेवरून वेळ काढते त्या रेघेवरून भारतीय कंपनीचं विमान जाऊच शकत नाही, वळसा आलाच. २३ जून २०२५ ला तर कतारनं काही तासांसाठी आकाश बंद केलं होतं, दोहावरून जाणारे जिथल्या तिथं अडकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेघेत अजून एक भानगड, ती हिमालय आणि काराकोरमवरून जाते, आणि तिथं विमानं शक्यतो जात नाहीत, कारण केबिनची हवा गेली तर दहा हजार फुटांवर खाली यावं लागतं आणि खाली डोंगरच त्याहून उंच, प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन तर पंधरा-वीस मिनिटांचाच असतो.

जवळच्या विमानांना तर साइट भलतीच गंडते. मुंबई–मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातलं नवं विमानतळ, जेमतेम ३९० किलोमीटर, साइट म्हणते एक तास. तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो, आणि तोच बरोबर, कारण कंपनी गेट सोडल्यापासून ते गेटला लागेपर्यंतचा वेळ धरते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येतो, आणि गर्दी किती ते सांगायला नको. खाली रांग, वर घिरट्या. सरकण्यातच बराच वेळ जातो.

आणि सगळ्यात धमाल म्हणजे विमान आहे की नाही याच्याशी साइटला काही देणंघेणं नाही. चिपी ते लंडन टाकून बघा. आमच्या सिंधुदुर्ग विमानतळाचं नाव यादीत बघून आधी छातीच फुगते, आणि मग ती शांतपणे सांगते, साडेसात हजार किलोमीटर, नऊ तास पन्नास मिनिटं. चिपीचा रनवे अडीच किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं तेव्हापासून तिथं छोटी पंख्याची विमानंच काय ती दिसली आणि ती पण कधी चालू कधी बंद. पण साइटच्या हिशेबानं परुळ्यात बोर्डिंग पास घ्या आणि रात्री हीथ्रोला उतरा. एक गिऱ्हाईक ते मोबाइलवर बघून खरंच चिपी–लंडन तिकीट मागायला आलं होतं, स्क्रीनशॉट घेऊन! त्याला समजावताना माझा अर्धा तास गेला, साइटनं तेव्हा तो पण धरला असता तर बरं झालं असतं.

मागे एक काकी आल्या होत्या, लेक लंडनला, दिवस भरत आलेले. साइट उघडून मी नेहमीसारखं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "झिला, ह्यां साडेनऊ तास माका नको सांगू. माज्या उंबऱ्यापासून पोरीच्या दारापर्यंत किती तास ता सांग. साखरेची गोळी खंयच्या टायमाक घेवची ता त्यावर ठरतला." आता याचं उत्तर कुठल्याच साइटकडं नाही, आणि खरं तर सगळ्यांना पाहिजे असतं ते हेच.

बसून हिशेब केला. एक रस्ता मुंबईचा. संध्याकाळी घरातून निघायचं, रात्रीची गाडी, पहाटे मुंबई, तिथून टॅक्सीनं विमानतळ, तीन तास आधी हजर, मग दहा तास विमान, तिकडं इमिग्रेशनची रांग आणि लेकीच्या घरापर्यंतचा रस्ता. कसंही करा, सव्वीस-सत्तावीस तास झालेच, गाडी आणि विमान नीट जुळलं नाही तर तीस. दुसरा रस्ता मोपावरून दोहामार्गे. मुंबई–दोहा २,२९० किलोमीटर आहे आणि मोपा–दोहा २,५४०, म्हणजे आकाशात अडीचशे किलोमीटर जास्त, आणि पुढं दोहा–लंडन ५,२४०. एकूण पावणेआठ हजारांच्या वर. साइटवर दोन्ही शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल मुंबईचा सरळ रस्ता जवळ, पावणेसहाशे किलोमीटर वाचतात. पण कुडाळहून मोपा रस्त्यानं सवा तास! रात्रीची गाडी नाही, मुंबईतली टॅक्सी नाही. सवा तास रस्ता, तीन तास विमानतळावर, चार तास दोहापर्यंत, तिथं तीनेक तास बसणं, मग सात-साडेसात तास लंडन. वीस-एकवीस तासांत बाई लेकीच्या दारात. आकाशातलं लांब ते आमच्यासाठी जवळ. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या लोकांनी हा हिशेब प्रत्येक वेळी करून बघावा, त्या तारखेला मोपावरून विमान आहे की नाही ते आधी बघून. रत्नागिरी-चिपळूणवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना मुंबईच सोयीची.

तरी काकींनी शेवटी मुंबईचंच तिकीट काढलं बरं का. दोहाला एकटीनं विमान बदलायची धास्ती. व्हीलचेअर सांगून ठेवता येते, तिकीट काढतानाच नोंद करायची, माणूस या गेटवरून त्या गेटवर नेऊन सोडतो, हे सगळं सांगून झालं, पण भाषा येत नाही म्हटल्यावर माणसाला सरळ विमानच बरं वाटतं आणि त्यात चूक काय आहे. त्यांना मी एका कागदावर दोन रकाने करून दिले, एकात भारताची वेळ, दुसऱ्यात लंडनची, जेवण कधी मिळेल ते अंदाजानं, आणि म्हटलं हा कागद डॉक्टरना दाखवा, गोळीचं ते ठरवतील.

त्या कागदावरून आठवलं, वेळेच्या फरकाचं. साइट शेवटी छोट्या अक्षरांत दोन शहरांतला फरक देते आणि आमचा अर्धा तास सरळ खाऊन टाकते. ग्रीनिचच्या वेळेपुढं भारत साडेपाच तास, दुबई चार, म्हणजे फरक दीड तास, ही दाखवते दोन. कुवेतशी अडीच, केपटाउनशी साडेतीन. लंडनशी थंडीत साडेपाच आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार. मेलबर्नचं उलट, तिकडं ऑक्टोबर ते एप्रिल उन्हाळा, तेव्हा साडेपाच आणि एरवी साडेचार. न्यूयॉर्कशी साडेदहा नाहीतर साडेनऊ. हे पाठ करून ठेवा, साइटच्या भरवशावर घ्यायला येणाऱ्या माणसाला विमानतळावर बोलावू नका.

विमानतळाचं नाव टाकताना पण डोळे उघडे ठेवा. गोवा टाकलं की आधी दाबोळी येतं, कोड जीओआय. मोपा हवं तर जीओएक्स. मोपा तिकडं पेडण्यात, दाबोळी वास्कोला, मध्ये शापोरा, मांडवी, जुवारी तीन नद्या, त्यामुळं चुकीच्या विमानतळावर गेलात तर विमान गेलंच समजा. मुंबईचं पण आता तसंच, जुनं बीओएम आणि नवी मुंबईचं एनएमआय, तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली. आकाशातलं अंतर दोन्हींचं जवळपास तेवढंच, पण आपल्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण कोकण रेल्वेनं पनवेलला उतरलं की नवी मुंबईचं विमानतळ तिथंच, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचीच गरज नाही. तुम्हाला हवं ते विमान तिथून असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

एका कामात मात्र या साइटला तोड नाही, ते म्हणजे जिथं सरळ विमानच नाही तिथं कुठून बदलावं ते ठरवणं. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांचे नातेवाईक केपटाउनला पिढ्यान् पिढ्या आहेत, आमच्याकडं त्यांची तिकिटं येतात. मुंबई–केपटाउन सरळ रेघेत सव्वाआठ हजार किलोमीटर, आणि सरळ विमान नाही. दुबईवरून गेलात तर साडेनऊ हजारांच्या थोडं वर, अदिस अबाबावरून गेलात तर नऊ हजारांच्या जरा पुढं. पाचशे किलोमीटर वाचतात, कारण अदिस रेघेच्या जवळ पडतं आणि दुबई म्हणजे आधी वर जायचं मग खाली यायचं. मधलं शहर टाकून दोन तुकड्यांची बेरीज करायची सोय आमच्या साइटवर नाही, दोनदा काढून कॅल्क्युलेटरवर मिळवावं लागतं. त्यापेक्षा ग्रेट सर्कल मॅपर वापरा, तिथं विमानतळांचे कोड डॅश टाकून एका ओळीत लिहिले की सगळे टप्पे आणि एकूण अंतर एकदम येतं, दिसायला जुनाट आहे पण काम चोख. आणि विमानाला खरा किती वेळ लागतो ते बघायचं तर फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ते विमान कधी उडालं कधी उतरलं ते सगळं दिसतं. त्याची सरासरी घेतली की कुठल्याही भागाकारापेक्षा बरी.

पाचपैकी तीन स्टार. अंतराला पाच दिले असते, वेळेला दोन, आणि अर्ध्या तासाच्या भानगडीला शून्य. फुकट आहे, लॉगिन मागत नाही, आमच्या इथल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर पण पटकन उघडते, हे पण धरलंय त्यात. जाहिराती मात्र भयंकर, "स्वस्त तिकीट" म्हणून मोठं हिरवं बटण येतं ते दाबायचं नाही, ते भलतीकडंच नेतं. आणि प्रिंट काढणार असाल तर फक्त पहिलं पान सिलेक्ट करा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर नुसत्या हॉटेलच्या रंगीत जाहिराती येतात, आमचं अर्धं काट्रिज त्यातच गेलं.